डाव्या गालावरचा तीळ

१

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या भावजयीच्या कपाटातून सोन्याची पोत गेल्याचं कळलं, आणि सव्वासहाला चोरही सापडला. इतक्या झटपट सापडलेला चोर मला पटत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी मंगलाबाई, वय छप्पन्न. मूळची पारोळ्याकडची, पण तीस वर्षं झाली सुरतेत, उधन्याला. नवरा गेल्यावर भाऊ ललित म्हणाला, "ताई, माझ्या शेजारची खोली घे," आणि मी घेतली. ललित लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, असतो. त्याची बायको उज्ज्वला कारखान्यात साड्यांना लेस लावते. त्यांची एकुलती एक नूतन तेवीस वर्षांची, आणि खरं सांगायचं तर मला ती पोटच्या पोरीपेक्षा जास्त.

नूतनचं लग्न चेतनशी ठरलं होतं. मुलगा जवळच्याच चलथाणचा, इच्छापोरला एका कंपनीत कंत्राटावर फिटर. सुपारी फुटली होती. आमच्या घरात सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला. मग मुलीकडच्यांनी माघार घ्यायची नाही, मुलात काही मोठी खोट निघाली तरच. रविवारी साखरपुडा होता.

मी कामावरून आले तर घरात सुतक पडल्यासारखं. पंखा पाचावर होता तरी ऑक्टोबरच्या उकाड्यानं माझा ब्लाउज पाठीला चिकटलेला. ललित येरझाऱ्या घालत होता. नूतन भिंतीला टेकून रडत होती. उज्ज्वला पलंगावर बसलेली, पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला, नजर जमिनीवर.

"काय व्हयनं व?" मी विचारलं.

"माझ्या आईची पोत गेली, ताई," उज्ज्वला म्हणाली. "नूतनला द्यायची होती ती."

"गेली म्हणजे कुठं गेली? पाय फुटले का तिला?"

"चेतननं घेतली. मी सोता देखं."

मी पिशवी खाली ठेवली. ललित म्हणाला, "सकाळी पोलिसात जातो मी. ताई, तू मध्ये पडू नको."

नूतननं माझा हात धरला. "आत्या, त्याच्या कंपनीत पोलिसांचा दाखला लागतो. नुसतं नाव गेलं तरी त्याचा गेटपास जाईल. आणि त्यानं घेतली नाही गं. तो तसा नाहीच."

मी ललितला म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत थांब. मोठ्या बहिणीचा एवढा मान ठेव." तो थांबायला तयार झाला. माझ्या हाती एक दिवस आला.

२

"मला नीट सांग," मी उज्ज्वलाला म्हटलं. "काय पाहिलंस?"

"सव्वातीनला मी लेसचा डबा विसरले म्हणून घरी आले. दार उघडं होतं. मी उंबऱ्याशीच थांबले. तो कपाटापाशी उभा होता, डावा गाल माझ्याकडे. जुळलेल्या भुवया, आणि डोळ्याखाली तो तीळ. पोत त्याच्या हातात होती."

"मग ओरडली का नाहीस?"

"होणारा जावई, ताई. सुपारी फुटलेली. माझी वाचाच बसली. मी तशीच परत कामावर गेले."

हे पटण्यासारखं होतं. उज्ज्वला ओरडणाऱ्यातली नाहीच. कपाटाला कुलूप नव्हतं. हँडल तुटल्यापासून ते दोरीनं बांधलेलं असायचं. त्यामुळे कुणाचाही हात आत गेला असता.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. उज्ज्वलानं चेतनला त्याआधी कधी समोरासमोर पाहिलेलं नव्हतं. मुलगी पाहायचा कार्यक्रम गावाकडं झाला तेव्हा ती डेंग्यूनं इथं अंथरुणावर होती, आणि तिच्या उशाशी मी. मीसुद्धा त्याला पाहिलं नव्हतं. आमच्याकडं होता तो मोबाइलवरचा फोटो. चेतननं स्वतःच काढून नूतनला पाठवलेला, कंपनीच्या शर्टात, अगदी जवळून.

आणि त्या फोटोवरूनच सगळी आग लागलेली होती, कारण तो फोटो सुकलाल आप्पांनी पाहिला होता.

आप्पा म्हणजे आमच्या गल्लीतलं सामुद्रिक शास्त्र. रंगाच्या मिलमधून निवृत्त झालेले. चेहरा पाहून माणूस सांगतात, आणि त्याचा एक नारळ घेतात, वर काही नाही. उधन्यातल्या खानदेशी घरांत आप्पांना फोटो दाखवल्याशिवाय सोयरीक होत नाही. मी त्यांना मानते, पण बेताबेतानं. माझ्या नवऱ्याच्या कानाच्या लांब पाळ्या पाहून त्यांनी ऐंशी वर्षं सांगितली होती. तो चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. आप्पा म्हणाले, "पाळ्या बरोबर होत्या मंगला, माणूसच घाईचा निघाला."

चेतनचा फोटो पाहायला दिला तेव्हा मी तिथंच होते. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल नाकाला लावला.

"कपाळ रुंद आहे, हुशार आहे. नाकाचा शेंडा भरलेला, घर सांभाळील. पण भुवया जुळलेल्या. असा माणूस मनातलं मनात ठेवतो. आणि हा तीळ पाहा. बाईचा तीळ डावीकडं शुभ, पुरुषाचा उजवीकडं. याचा डाव्या गालावर, डोळ्याखाली! चोरटा तीळ म्हणतात याला. ज्या घरात पाय ठेवील तिथलं सोनं हलेल."

उज्ज्वलाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आणि खिशावर हे काय गिचमीड लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. "मेंटेनन्स लिहिलंय, आप्पा. त्याचं खातं."

"तुझे डोळे बरे आहेत बुवा," आप्पा म्हणाले होते.

आता मंगळवारी पोत गेल्याचं कळताच आप्पा काठी टेकत आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?"

३

मी मात्र ठरवलं, त्या दिवशी घरात कोण कोण येऊन गेलं ते पाहायचं.

पहिली भागीरथीबाई. समोरच्या खोलीत राहते, यवतमाळकडची, आणि ललितच्या घराची किल्ली तिच्याकडं असते. पोळ्या लाटता लाटताच तिनं मला सांगितलं.

"तीन-सवातीनले तो पोरगा आला, पेढ्याचा डबा घेऊन. घरी कोणीच नोतं. मीच दार उघडून बसवलं त्याले, पाणी देल्लं. मंग माह्यी डाळ गॅसवर होती म्हून आली इकडं. धा मिनिटात तो म्हणे, येतो मावशी. मी कुलूप लावलं."

"त्या दहा मिनिटांत कुणी वर आलं का?"

"मले काय मालूम बाप्पा! मी डाळीपाशी. आलंबी असन, नसनबी."

"आणि नंतर?"

"चार वाजता सागर आला, डबा घेऊन गेला. सहा वाजता उज्ज्वला आली तं मीच तिच्या हाती किल्ली देल्ली अन् सांगितलं, जावई येऊन गेला, पेढे आतमंदी हायेत."

"तुझ्यावरही नजर जाईल, भागीरथी. किल्ली तुझ्याकडं."

तिनं लाटणं खाली ठेवलं. "मंगलाबाई, माह्या घराची झडती घ्या. पण आधी पोळी खा, गरम हाय." मी पोळी खाल्ली. भुकेल्या पोटी कुणावर संशय घेता येत नाही.

मग सागर. उज्ज्वलाचा भाचा, टेम्पो चालवतो, दुपारचा डबा आत्याकडंच. मंगळवारी त्याच्या मनगटावर नवं कोरं घड्याळ चमकत होतं, आणि ते सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"कुठून आणलंस रे?"

"अरे मावशी, शुं वात करो छो, काय बोलता! गरब्यात बेस्ट ड्रेसचं बक्षीस मिळालं. हा व्हिडिओ बघा." त्यानं मोबाइल पुढं केला. केडियुं, गरब्याचा झालरीचा अंगरखा, घातलेला सागर, गळ्यात हार, कुणीतरी घड्याळ देतंय. टाळ्याही ऐकू येत होत्या.

"चारला आलास तेव्हा कपाट कसं होतं?"

"दोरीनं बांधलेलं होतं. आते बांधते तशा दोन गाठी. मी त्याच्याशेजारीच डबा भरला ना."

मी जागच्या जागी थांबले. उज्ज्वला दोन गाठी मारते, एकावर एक. सव्वातीनला चेतननं घाईत पोत उचलली असेल, तर तो उज्ज्वलासारख्या दोन गाठी मारत बसला?

पण गाठ म्हणजे गाठ. तेवढ्यावर माणूस सुटत नाही, आणि सागर तरी खरं बोलतोय कशावरून? मला चेतनच पाहायला हवा होता.

४

बुधवारी सकाळी आठला चेतन माझ्या खोलीत आला. कामावर दांडी मारून, नूतनच्या फोनवर धावत. उंच पोरगा, दाढी वाढलेली, भुवया खरंच जुळलेल्या.

मी त्याला खुर्चीवर बसवलं. माझी एकुलती एक खिडकी त्याच्या उजव्या हाताला आली. सकाळचं ऊन सरळ त्याच्या गालावर पडलं आणि तो तीळ मला स्पष्ट दिसला. हरभऱ्याच्या डाळीएवढा. ऊन डोळ्यांत जातं म्हणून त्यानं त्या बाजूला हात धरला.

"पेढे घेऊन आलास कशाला?" मी जरा कडकच विचारलं.

"आत्या, माझी नोकरी पक्की व्हायची आहे. कागद आला. मला वाटलं आधी इथं सांगावं. मामींना, नूतनच्या आईंना, भेटायचं होतं. कधी भेट झालीच नाही. त्या कामावर आहेत म्हटल्यावर डबा ठेवला आणि निघालो."

"कपाटाजवळ गेलास?"

"पाणी प्यालो आणि भिंतीवरचे फोटो पाहिले. नूतनचा शाळेतला फोटो आहे, तो. कपाट कुठं आहे तेही सांगता येणार नाही मला."

"आणि मामी म्हणतात, त्यांनी तुला पाहिलं."

तो म्हणाला, "त्या खोटं कशाला बोलतील? तेच मला कळत नाही, आत्या. रात्रभर मीच विचार करतोय, की माझ्या हातून असं काय झालं."

चोर असा बोलत नाही, हे मला पटलं. पण ललितला काय सांगू? मुलगा गरीब तोंडाचा आहे म्हणून सोड? मग आप्पांत आणि माझ्यात फरक काय राहिला! तेही तोंडच पाहतात.

चेतन गेला. मी कामावर गेले, आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

५

माझं काम ट्रान्सफर प्रिंटच्या कारखान्यात. आधी कागदावर डिझाइन छापायचं, मग गरम रोलरखाली कागद कापडावर दाबायचा, की रंग कापडावर उतरतो. त्यामुळे कागदावर सगळं उलटं छापावं लागतं. मी कागद तपासते. आठ वर्षं रोज आठ तास उलटं पाहते. मध्यंतरी एकानं घाईत कागद सुलटाच छापला आणि चारशे उपरण्यांवर गणपतीची सोंड भलत्याच बाजूला वळली. शेठनं डोक्याला हात लावला होता.

त्या दिवशी एका रोलवर दुकानाचं नाव होतं. मी ते सहज वाचलं. शेजारची नवी बाई म्हणाली, "मंगलाबाई, तुम्ही हे उलटं कसं वाचता हो?"

मी म्हटलं, "सवय." आणि हातातला रोल तसाच राहिला.

मी मोबाइल काढला. चेतनचा फोटो. खिशावरची अक्षरं. आप्पांना ती गिचमीड दिसली होती, आणि मी एका नजरेत वाचली होती. अगं बाई! ती उलटी होती! उलटं वाचून वाचून माझे डोळे इतके निर्ढावलेत, की उलटं आहे हेच मला कळलं नाही. दुसऱ्या कुणी हा घोटाळा केला नसता.

काही मोबाइल स्वतःचा फोटो स्वतः काढला की आरशासारखा ठेवतात. उजवं डावं होतं. म्हणजे आप्पांनी पाहिलेला डावा गाल हा चेतनचा उजवा गाल. सकाळी माझी खिडकी त्याच्या उजव्या हाताला होती, आणि ऊन तिळावर पडलं होतं. मीच पाहिलं होतं, डोळे उघडे ठेवून आंधळी मी!

मी शेठला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि निघाले. उज्ज्वलाला कामावरून सोबत घेऊन घरी आणलं. ललित यायला अजून तास होता.

"तू उंबऱ्यात उभी राहा," मी म्हटलं, आणि स्वतः कपाटासमोर उभी राहिले. "माझा कुठला गाल दिसतो?"

"डावा."

"चेतनचाही डावाच दिसला? आणि त्याच्यावर तीळ होता?"

"होता, ताई. मी पाह्यला."

"उज्ज्वला, चेतनच्या डाव्या गालावर काहीच नाही. कोरा आहे. तीळ उजव्यावर आहे. डावीकडं तो फक्त फोटोत दिसतो."

तिनं दाराची चौकट धरली.

मी हळू बोलले, पण बोलले सगळं. "तू सव्वातीनला आलीच नाहीस. किल्ली भागीरथीकडं होती, ती तिनं तुला सहाला दिली. चेतन येऊन गेल्याचंही तिनंच सांगितलं. चारला सागरनं कपाट पाहिलं तेव्हा दोरीला तुझ्या दोन गाठी जशाच्या तशा होत्या. पोत चारपर्यंत आतच होती. मला वाटलं, तू सागरला वाचवतेस. पण चोर असता तर गाठींचं मला आपणहून सांगून त्यानं चेतनला सोडवलं नसतं. मग सहा ते सव्वासहा या घरात एकटी कोण होती?"

तिनं पदर आणखी आवळला.

"आणि या उकाड्यात कालपासून पदर गळ्याला कशाला आवळून बसली आहेस? सोड तो."

तिनं पदर सोडला. पोत तिच्या गळ्यातच होती, ब्लाउजच्या आत लपवलेली. लपवायची म्हणून तिला काही ती पिठाच्या डब्यात टाकवेना. आईची पोत होती ना!

"माले माफ करा, ताई," ती खाली बसली. "तुम्हाला माहीत आहे माझ्या बहिणीचं. आप्पांनी तिच्या नवऱ्याचं कपाळ पाहून नको म्हटलं होतं. कुणी ऐकलं नाही. दोन वर्षांत ती अंगावरच्या लुगड्यानिशी परत आली. मी रोज तो फोटो बघायचे आणि मला झोप यायची नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, सुपारी फुटली, आता शब्द फिरवायचा नाही. मला वाटलं, असं काही झालं की लग्न गुपचूप मोडेल. पोलीस माझ्या डोक्यातच नव्हते. आई शपथ नव्हते."

मला तिचा राग आला होता, भयंकर आला होता. एका पोराची भाकरी जात होती. पण ती रडायला लागली आणि मीही तिच्याजवळ बसून रडले. आम्ही दोघी काय, एकाच घरात भ्यालेल्या बाया.

६

मी युक्ती काढली. पोत कपाटामागं पडली होती आणि उज्ज्वलाला भास झाला, असं सांगायचं. ललित आला, पोत पाहिली आणि लहान पोरासारखा हसला. त्यानं लगेच चेतनला बोलावून घेतलं. आप्पाही आले, त्यांना बोलवावं लागत नाही.

चेतन आत आला. ललितनं हात जोडले. "पाहुणे, चूक झाली. पोत मागं पडली होती. हिच्या डोळ्यांना भास—"

"भास नाही," उज्ज्वला उठून म्हणाली. "पोत मीच लपवली. मी तुला पाह्यलंच नव्हतं, बाबा. फोटोवरून सांगितलं. तुझ्यावर खोटा आळ घेतला मी."

माझी युक्ती गेली पाण्यात. ललितचं तोंड उघडं ते उघडंच. नूतन आईकडं पाहतच राहिली.

चेतन म्हणाला, "मामी, माझी नोकरी गेली असती." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "घरी मी अजून काही सांगितलं नाही. सांगणारही नाही. पण का, ते तरी कळू द्या."

"भीती वाटली. माझी एकच पोर आहे."

आप्पा पुढं सरसावले होते, चष्मा कपाळावर, नजर चेतनच्या गालावर. "अरे! हा तर उजवा! पुरुषाच्या उजव्या गालावर तीळ म्हणजे तर—"

"आप्पा, तुम्ही थांबा," उज्ज्वला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आप्पांना थांबवलं. "मला पाहू द्या."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पाहत राहिली. कपाळ नाही, नाक नाही, तीळ नाही; समोर उभा असलेला पोरगा पाहिला तिनं. रात्रभर न झोपलेला, डोळे लाल, ओठ सुकलेले. त्याला कुठं बघावं कळेना. तो नूतनकडं पाहायचा, मग स्वतःच्या पायांकडं.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

खोटं बोलला. त्याच्या तोंडावरून कुणीही सांगितलं असतं. उज्ज्वलालाही कळलं, आणि ती ताट वाढायला आत गेली.